फ्यूज ज्याच्या त्याच्या खिशात

मिस्त्रीला एक खोड होती. लिफ्ट बंद पडली म्हणून बोलावणं आलं, की हा गडी आधी लिफ्टकडे बघायचाच नाही. रखवालदाराला गाठायचा आणि विचारायचा, "ही बसवली कधी? आधी कुठली होती? काय काय बदललंय?" तिन्ही उत्तरं मिळाली की मग हातातली पिशवी खाली ठेवायचा. बावीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत गेली होती आणि या तीन प्रश्नांनी त्याला कधी दगा दिला नव्हता. जुनं काय होतं ते कळलं की निम्मा बिघाड सापडला, असं त्याचं म्हणणं. लिफ्टच्या बाबतीत ते खरंही होतं. घोटाळा असा झाला, की हेच तीन प्रश्न त्याने एका बाईला विचारले.

पण हे मुळापासून सांगायला हवं. मिस्त्री एक्केचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा. थोरल्या बहिणीकडे राहायचा. तिला सगळी गल्ली ताई म्हणायची, म्हणून आपणही ताईच म्हणू. ताई शाळेच्या प्रयोगशाळेतली काचेची भांडी सांभाळायची आणि घरी आल्यावर भावाला. दोघांत भांडी कमी त्रास देतात, असं तिचं मत होतं. भाऊ सज्जन, हाताचा हुशार, पण मनातलं बोलायची वेळ आली की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि जीभ टाळ्याला चिकटायची. दोनदा जमता जमता राहिलं, कारण हा तोंड उघडेपर्यंत समोरची कंटाळून निघून गेली. शेवटी एका रविवारी ताईने त्याचा फोन हिसकावून घेतला, त्यात जोडीदार शोधायचं ॲप टाकलं, खिडकीपाशी उभं करून त्याचा फोटो काढला आणि म्हणाली, "लिफ्टमध्ये कुणीतरी भेटेल म्हणून बावीस वर्षं वाट बघितलीस. आता यात बघ."

तो बघू लागला. चौथ्या दिवशी एका पानावर त्याचं बोट थांबलं. टोपणनाव लिहिलं होतं 'बत्तिशी'. फोटोत एक उंच बाई, अंगात कामाचा पांढरा कोट, तळहातावर दातांची कवळी, आणि हसू असं की कोरलेल्या दातांपेक्षा स्वतःच्याच दातांची जाहिरात चाललीय असं वाटावं. खाली लिहिलं होतं, "मी ट्रान्स बाई आहे. पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे पुढे कुणाला 'आम्हाला सांगितलंच नाही' म्हणायची सोय राहत नाही. मी कवळ्या बनवते. नुसतं कुतूहल असणारे, गुपचूप भेटणारे आणि चारचौघांत लपवणारे यांनी पुढे सरकावं. बाकीच्यांनी आपण काय काम करता ते लिहावं."

मिस्त्रीने ते तीनदा वाचलं. इतकी स्वच्छ सूचना त्याने आजवर एकाही लिफ्टमध्ये वाचली नव्हती. तो उठला आणि फोन ताईपुढे धरला. ताईने चष्मा लावून सावकाश वाचलं. मग म्हणाली, "मला यातलं फारसं कळत नाही. पण ही पहिल्या ओळीत खरं बोललीय, आणि तुझं वय मी दोन वर्षांनी कमी लिहिलंय. आधी ते दुरुस्त कर, मग तिला लिही."

त्याने वय दुरुस्त केलं आणि लिहिलं. उत्तर आलं. चार दिवस दात आणि लिफ्ट या दोनच विषयांवर त्यांचं इतकं जमलं, की मिस्त्री जेवताना फोन ताटाशेजारी ठेवू लागला आणि ताई मुद्दाम तो उचलून दुसऱ्या टोकाला ठेवू लागली. पाचव्या दिवशी एका इमारतीचं काम संपवून तो पायरीवर बसला होता. नुकतेच रखवालदाराला ते तीन प्रश्न विचारून झाले होते, जिभेला तीच लय लागलेली, आणि बोटांनी लिहून टाकलं, "तुमचं आधीचं नाव काय होतं? कधी बदललात? काय काय बदललं?"

तासाभराने उत्तर आलं. "मिस्त्री, मी लिफ्ट नाही."

त्याच्यामागोमाग दुसरं आलं. "जुनं नाव मी कुणाला देत नाही. ते मी सोडून आलेय. शरीराचे प्रश्न डॉक्टर विचारतात, तेही कारण असेल तर. तुम्ही भल्या मनाने विचारलंत असं वाटतं, म्हणून एवढं तरी लिहिलं. इतरांना तेही लिहीत नाही."

पायरीवर त्याला बघायला कुणी नव्हतं, तरी त्याचे कान लालेलाल झाले. त्याने माफीचे सहा निरोप लिहिले आणि पाच पुसले. पुसलेल्या पाचांत कारणं होती, सवयीची कहाणी होती, काम शिकवणाऱ्या उस्तादाने लावलेलं वळण होतं. पाठवला तो एवढाच, "चुकलं. सवयीने विचारलं, पण ती सबब नाही. पुन्हा विचारणार नाही." माफी मागून तिला शेपूट न जोडणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत. मिस्त्री त्यांतला निघाला, म्हणून तर ही गोष्ट सांगायला बसलो.

दोन दिवस पलीकडून काही आलं नाही. त्या दोन दिवसांत त्याने ट्रान्स माणसांनी स्वतः लिहिलेलं शोधून शोधून वाचलं. त्याला पडलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं कुणी ना कुणी केव्हाच लिहून ठेवली होती. जे उरलं ते विचारायची गरजच नव्हती, हेही त्याला वाचताना कळलं. तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, "बरं. आता मला सांगावंसं वाटेल असं काहीतरी विचारा." त्याने विचारलं, की कवळीतले दात खरे वाटावेत म्हणून तुम्ही काय करता? यावर तिने एवढं लांब उत्तर लिहिलं, की त्याला दोनदा वर सरकवावं लागलं. प्रत्येकाला पांढरेशुभ्र दात हवे असतात आणि मी प्रत्येकाशी भांडते, असं ती लिहीत होती. खऱ्या दाताला किंचित पिवळेपणा असतो, एखादा जरासा तिरका असतो. तो तिरकेपणा मेणात कोरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि गिऱ्हाइकाच्या घरच्यांना जेव्हा फरक ओळखू येत नाही, तेव्हा त्या दिवशीचा पगार मिळाला असं मी समजते.

भेटायची गोष्ट निघाली तेव्हा तिने आपल्या अटी सांगितल्या. आधी एकदा व्हिडिओवर बोलायचं, म्हणजे फोटोतला माणूस आणि बोलणारा माणूस एकच आहे हे कळेल. भेट दिवसाउजेडी, चार लोक असतील अशा जागी, आणि जागा ती ठरवणार. येणं-जाणं तिचं तिचं, सोडायला यायचं नाही. घरचा आणि कामाचा पत्ता इतक्यात मिळणार नाही. तिची एक मैत्रीण औषधांच्या दुकानात असते. तिच्याकडे मिस्त्रीचा फोटो आणि नाव असेल, आणि तिला दर तासाला एक निरोप जाईल. "निरोप गेला नाही तर ती फोन करते," बत्तिशीने लिहिलं. "फोन उचलला नाही तर ती येते. आणि ती आली की काय होतं ते विचारू नका. हे सगळं वाचून बहुतेक जण 'माझ्यावर विश्वास नाही का' म्हणतात. तुमचं काय म्हणणं?"

मिस्त्रीचं म्हणणं असं, "आमच्या कामात एक नियम आहे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्याआधी मेन स्विचचा फ्यूज काढायचा आणि जो आत उतरणार त्याने तो स्वतःच्या खिशात घालायचा. जोडीदाराकडे द्यायचा नाही, रखवालदाराकडे नाही, सख्ख्या भावाकडेही नाही. जोडीदार वाईट असतो म्हणून नव्हे. तो चहाला जातो, वरून कुणीतरी ओरडतं, तिसराच कुणी येऊन फ्यूज बसवतो. आत ज्याचा जीव, फ्यूज त्याच्या खिशात. माझ्या उस्तादाने एकदा दुसऱ्याकडे दिला. त्याच्या उजव्या हाताला तीन बोटं आहेत. तुमचा फ्यूज तुमच्या खिशात ठेवा. मला राग यायचं कारणच नाही."

हा निरोप तिने मैत्रिणीला औषधांच्या दुकानात उभ्या उभ्या वाचून दाखवला, असं तिने त्याला पुढे सांगितलं. मैत्रीण म्हणाली, "याला भेट. पण निरोप मात्र दर तासाला हवा."

मोठ्या बागेला लागून एक कॉफीचं दुकान होतं, तिथे ते भेटले. ती मिस्त्रीपेक्षा दोन बोटं उंच निघाली. तो नकळत ताठ बसला, आणि ते तिच्या लक्षात आल्याचं त्याच्याही लक्षात आलं. काउंटरपाशी दोघे जण तिच्याकडे बघून कुजबुजले. ती रांगेत उभी राहिली, सावकाश दरांचा फळा वाचला, हवं ते मागितलं आणि कप घेऊन एक थेंबही न सांडता टेबलाशी आली.

"लोक बघतात," मिस्त्री अवघडून म्हणाला.

"बघू देत की. डोळे त्यांचे आहेत." तिने साखर ढवळली. "मी सकाळीच आरशात बघून आलेय. मला माहीत आहे काय दिसतंय ते, आणि मला आवडलंय."

असं बोलायला काय लागतं, ते त्याला पुढच्या भेटींत थोडं थोडं कळत गेलं. कवळ्यांच्या तीन कार्यशाळांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. चौथीने ठेवून घेतलं ते प्लास्टरचा कचरा झाडायला. झाडता झाडता तिने लोकांच्या खांद्यांवरून बघितलं, फेकलेल्या मेणावर घरी हात बसवला, आणि आज तिथेच जिचे साचे कुणाला जमत नाहीत ती कवळी तिच्या टेबलावर येते. सध्या ती एका आजोबांच्या मागे लागली होती. जन्म छापखान्यात गेल्याने त्यांचे कान गेलेले, बायको गेल्यापासून दातही लावायचं सोडलेलं. दोन कवळ्या त्यांनी 'टोचते' म्हणून परत केल्या होत्या. "टोचत नाही ती," बत्तिशी म्हणाली. "त्यांना एकट्याने जेवायचं जिवावर येतं. म्हणून मी तिसरी बनवतेय, आणि बसवायला आले की एक घास माझ्याबरोबर खायचा असं ठरलंय." मिस्त्री ऐकत राहिला. आपण बावीस वर्षं लोखंडच वर-खाली करतोय, ही बाई माणसं उभी करते, असं त्याला वाटलं आणि त्याने ते चक्क बोलूनही दाखवलं. कान लाल झाले, पण बोलला.

दुसऱ्या भेटीत गप्पा रंगात आल्या असताना त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "तुमचा निरोप राहिला," तो म्हणाला. "पाच मिनिटं वर झालीत. मैत्रीण फोन करेल."

तिने फोन काढला, निरोप पाठवला, आणि मग फोन टेबलावर ठेवून त्याच्याकडे नीट बघितलं. आजवर लोकांनी त्या निरोपावरून तोंडं वाकडी केली होती. आठवण करून देणारा हा पहिलाच होता.

इथवर सगळं छान होतं. चौथ्या भेटीनंतर दोघं दुकानातून बाहेर पडली आणि फुटपाथवर भोंगा आडवा आला.

भोंगा म्हणजे मिस्त्रीचा कामातला जोडीदार. माणूस मनाने वाईट नाही, पण देवाने त्याच्या गळ्यात आवाज बसवला आणि तो कमी करायची कळ बसवायला विसरला. भोंग्याला कळलं म्हणजे कंपनीला कळलं, आणि कंपनीला कळलं म्हणजे गावाला. "अरे मिस्त्री! इस्त्रीचा शर्ट! इथं कुठं?" असं ओरडून त्याने बत्तिशीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

मिस्त्रीची जीभ टाळ्याला चिकटली. सुटली तेव्हा तिच्यातून निघालं, "या... या ग्राहक आहेत. लिफ्टची चौकशी करत होत्या."

बत्तिशीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "हो," ती भोंग्याला म्हणाली. "चौकशी झाली माझी. निघते." आणि ती रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली, तशीच ताठ. मिस्त्रीला मात्र आपण अर्ध्या फुटाने बुटके झालो असं वाटलं.

संध्याकाळी निरोप आला. "मी पहिल्याच पानावर सगळं लिहिलं होतं. तुम्ही वाचलंही होतंत. राग आलाय, पण त्याहून वाईट वाटलंय, कारण तुमचं ते फ्यूजचं पत्र मी जपून ठेवलं होतं. काळजी घ्या."

मिस्त्री न जेवता बसून राहिला, तेव्हा ताईने सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर तिने भावाची जी खरडपट्टी काढली, ती शेजारच्यांनी भिंतीला कान न लावताही ऐकली.

"भोंग्याला कळलं तर काय झालं असतं?"

"सगळ्यांना कळलं असतं ताई."

"मला कळलं, तेव्हा आभाळ कोसळलं का? ती रोज त्याच रस्त्यावरून जाते, दुकानात उभी राहते, शंभर लोकांच्या नजरा झेलते आणि वर कॉफीही सांडत नाही. तुला एका भोंग्याची नजर झेपली नाही? अरे, तिच्या पासंगाला तरी पुरतोस का तू!"

तो पुरत नव्हता, हे त्याला ताईच्या आधीच कळलं होतं. आता ते पुरवायचं कसं, हा प्रश्न होता. तिला शोधणं अवघड नव्हतं. शहरात कवळ्यांच्या कार्यशाळा असतात किती, आणि लिफ्टवाल्याला सगळ्या इमारती ठाऊक. दारात जाऊन उभं राहावं, पाया पडावं, असं एकदा मनात आलंही. पण जो पत्ता तिने दिला नाही, तो बाहेरून उकरून काढणारा माणूस आणि दुसऱ्याचा फ्यूज परस्पर बसवणारा माणूस यांत फरक काय? तो गेला नाही. फोनही केला नाही. एकदाच लिहिलं, "लाज मला वाटायला हवी होती ती माझ्या खोट्याची. भोंग्याला खरं सांगायचं आहे. तुमच्याबद्दल काही नाही, फक्त मी खोटं बोललो एवढंच. सांगू का?"

दोन दिवसांनी उत्तर आलं. "तुमच्याबद्दल काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्याबद्दल सांगायचं असेल ते मी सांगेन." पुढे काही नाही. ना 'हो', ना 'नाही'.

सोमवारी सकाळी कामाची पत्रकं वाटायला आठ जण कंपनीच्या खोलीत जमले होते. मिस्त्री उभा राहिला. त्याला उभा राहून बोलताना कुणी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळे आपोआप गप्प झाले.

"भोंग्या, त्या दिवशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "त्या ग्राहक नव्हत्या. मी त्यांना भेटतो. म्हणजे भेटत होतो. त्यांच्यादेखत तुला खोटं सांगितलं, त्यामुळे आता बहुतेक भेटणार नाहीत."

भोंग्याने मान खाजवली. त्याच्या मानाने हळू, म्हणजे खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात, त्याने विचारलं, "ती बाई... म्हणजे ती तसली का रे?"

"त्यांच्याबद्दल काही असेल तर ते त्यांचं आहे. आणि तुझ्या जागी मी असतो तर विचारलं नसतं. मी एकदा विचारून बसलोय."

कुणीतरी फिसकन हसलं. भोंगा हसला नाही. "माणूस म्हणून चांगल्या आहेत?"

"माझ्यापेक्षा कितीतरी."

"मग खोटं कशाला बोललास, गाढवा?" भोंगा गरजला, आणि पत्रकं वाटायला सुरुवात झाली. आठवडाभर ज्याच्या भीतीने मिस्त्रीची झोप उडाली होती, ते एवढ्यावर आटोपलं.

गुरुवारच्या कामाचं पत्रक बुधवारी दुपारी हातात आलं. जुनी चार मजली इमारत, जाळीच्या दाराची लिफ्ट, तीन दिवस बंद. दुसऱ्या मजल्यावर दवाखाना, तिसऱ्यावर कवळ्यांची कार्यशाळा. मिस्त्रीने पत्रक घडी करून ठेवलं, पुन्हा उघडलं आणि तिला लिहिलं, "उद्या दहाला एका इमारतीचं काम आलंय. तिसऱ्या मजल्यावर कवळ्या बनतात असं लिहिलंय. ती तुमची जागा आहे की नाही मला माहीत नाही, आणि विचारतही नाही. नुसतं 'नको' लिहिलंत तर दुसऱ्याला पाठवतो."

उत्तर सकाळी आलं. "या. लिफ्ट बंद म्हणून माझे आजोबा तीन दिवस खालूनच परत जातायत. पण काम करून जायचं. तिसऱ्या मजल्यावर यायचं नाही."

दहाला मिस्त्री आणि भोंगा पोहोचले, तर रखवालदाराच्या खुर्चीवर एक म्हातारबुवा काठी टेकून बसलेले. गाल आत गेलेले, तोंडात एक दात नाही. हेच ते, हे मिस्त्रीने ओळखलं आणि त्यांना मान लववली. मग रखवालदाराला आपले तीन प्रश्न विचारले, कारण लिफ्टला ते विचारलेले चालतात. पेटी पहिल्या मजल्याच्या वर अडकली होती, खालून खड्ड्यात उतरून बघायला हवं होतं. त्याने मेन स्विच बंद केला, चिनीमातीचा पांढरा फ्यूज उपसून हातात घेतला, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

बत्तिशी आजोबांना भेटायला खाली आली होती. पांढरा कोट, बाहीला गुलाबी मेणाचा डाग. तिने मिस्त्रीकडे बघून नुसती मान हलवली आणि आजोबांपाशी वाकली. मिस्त्रीचे कान पेटले. पण बोलायची पाळी त्याच्यावर आलीच नाही, कारण भोंगा पुढे झाला होता.

"ओळखलंत का?" तो म्हणाला, आणि दवाखान्यातले दोन रुग्ण जिन्यावरून डोकावले. "त्या दिवशी हा खोटं बोलला! तुम्ही ग्राहक नाही! सोमवारी आठ माणसांसमोर उभं राहून याने सांगितलं, मी यांना भेटतो म्हणून! तुमच्याबद्दल एक अक्षर बोलला नाही, आम्ही विचारलं तरी! मी साक्षीला आहे!"

"जरा हळू बोललात तरी चालेल," ती म्हणाली.

"हळू मला येत नाही हो."

तिला हसू आलं. ते तिने दाबलं, पण पुरतं दाबता आलं नाही. मग ती मिस्त्रीकडे वळली. त्याला वाटलं, आत्ता काहीतरी करायला हवं, काहीतरी मोठं, नाहीतर हा क्षण हातचा जाईल. आणि त्याने हात पुढे करून फ्यूज तिच्यासमोर धरला.

"हा तुम्ही ठेवा," तो म्हणाला. "मी आत उतरतोय. काम होईपर्यंत तुमच्याकडे राहू दे."

"अरे, डोकं फिरलं का!" भोंगा ओरडला. बावीस वर्षांत मिस्त्रीने फ्यूज कुणाच्या हातात दिलेला त्याने पाहिला नव्हता.

बत्तिशीने फ्यूज घेतला. तळहातावर ठेवून एखादी दाढ तपासावी तसा नीट पाहिला. "आत कोण उतरणार?" तिने विचारलं.

"मी."

"मग जीव कुणाचा?"

"माझा."

"तर मग हा माझ्याकडे कशाला?" ती दोन पावलं पुढे आली, त्याच्या शर्टाच्या खिशात फ्यूज टाकला आणि वरून बटण लावलं. "विश्वास दाखवायला बोटं गमवायची नसतात. तुझा तुझ्या खिशात राहू दे, माझा माझ्या. तसं जमलं तर जमेल."

'तुझा' म्हणाली, हे मिस्त्रीला खड्ड्यात उतरल्यावर कळलं आणि हातातला पाना निसटून पायावर पडला.

बिघाड फार मोठा नव्हता. पहिल्या मजल्याच्या दाराच्या कुलपाची सरकपट्टी झिजली होती, मागे कुणीतरी तिथे दुसऱ्याच मापाची बसवली होती. चाळीस मिनिटांत काम झालं. तो वर आला, खिशाचं बटण काढलं, फ्यूज जागेवर बसवला, आणि लिफ्ट कुरकुर न करता खाली आली. बत्तिशी केव्हाच वर गेली होती. जाताना जिन्यावरून सांगून गेली होती, "झालं की आजोबांना घेऊन वर ये. तिसऱ्या मजल्यावर."

त्याने आजोबांना हाताला धरून आत घेतलं. जाळीचं दार लागलं, लिफ्ट वर निघाली. तिसऱ्या मजल्यावर ती दार उघडून उभी होती, मागे मेणाचा वास, टेबलांवर साच्यांच्या रांगा आणि कामं थांबवून बघणारी चार माणसं. एका टेबलावर झाकलेली ताटली आणि दोन चमचे तयार होते. आजोबांनी बाहेर पाऊल टाकलं, मिस्त्रीकडे काठी रोखली आणि तिला विचारलं, "हा कोण गं?"

तिने तोंड उघडलं, पण उत्तर दिलं मिस्त्रीने. "मी यांना भेटतो, आजोबा."

"काय?"

"मी यांना भेटतो!" तो मोठ्याने म्हणाला.

"काय म्हणतो?" आजोबांनी कानाला हात लावला.

मिस्त्रीने छाती भरून घेतली. तेवढ्यात लिफ्टच्या जाळीतून, खालच्या तळमजल्यावरून, चारही मजले दणाणून सोडणारा आवाज आला, "तो त्यांना भेटतो हो आजोबा! आमचा मिस्त्री!"

दवाखान्याचं दार उघडलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी उघडली. "असं होय!" आजोबा म्हणाले. "मग आधी सांगायचं नाही का?" आणि ते तिच्या टेबलाकडे चालू लागले.

बत्तिशी दाराला टेकून हसत होती. हसता हसता तिने डोळे पुसले. मिस्त्रीने तिच्या मागच्या घड्याळाकडे पाहिलं. मघाशी त्याचा हात हातात न घेता फक्त खिशाचं बटण लावणाऱ्या या बाईबद्दल त्याला इतकं काही वाटत होतं, की त्यातलं एकही वाक्य नीट बाहेर येईना. शेवटी तो जे दर भेटीत म्हणायचा तेच म्हणाला, "तास होत आला. मैत्रिणीला निरोप?"

"पाठवला." तिने फोन त्याच्यासमोर धरला. निरोप एका ओळीचा होता. "मिस्त्री तिसऱ्या मजल्यावर आलाय. मीच बोलावलं."